अंधाराचे छायाचित्र

गेल्या हिवाळ्यात मी बंगळूरला बहिणीकडे चार दिवस मुक्कामाला होतो. तिचा मुलगा कॉलेजात शिकतो आणि त्याला छायाचित्रणाचा नाद आहे. एके रात्री जेवणे आटोपल्यावर तो मला गच्चीवर घेऊन गेला. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून, मृग नक्षत्राकडे त्याचे तोंड करून, तो एकामागून एक चित्रे घेऊ लागला. प्रत्येक चित्राला झडप तीस सेकंद उघडी. बंगळूरच्या आकाशात दिव्यांचा उजेड एवढा, की मृगाचे चार पाय आणि पोटातला बाण याखेरीज आमच्या डोळ्यांना फारसे काही दिसेना. चित्रात मात्र शेकडो ठिपके उमटलेले. काही तांबडे, काही निळे, पुष्कळसे हिरवे. भाचा हरखून म्हणाला, "मामा, आपल्याला दिसत नाहीत ते तारे कॅमेऱ्याला दिसतात बघा!"

मी म्हटले, "हिरवा तारा मी तरी अजून पाहिलेला नाही. आता भिंगावर टोपी लाव आणि तेवढाच वेळ आणखी एक चित्र घे."

मामा थट्टा करतो आहे असे त्याला वाटले असावे. पण त्याने टोपी लावली. तीस सेकंदांनी पडद्यावर चित्र आले. मृग नाहीसा झाला होता, शेजारच्या इमारतीची कडही गेली होती. पण ते तांबडे, हिरवे आणि निळे ठिपके मात्र आपापल्या जागी जसेच्या तसे चमकत होते.

श्रोते हो, या ठिपक्यांना छायाचित्रकारांच्या बोलीत 'हॉट पिक्सेल' म्हणतात. आज आपणांपुढे मी त्यांचीच हकीकत सांगणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. चित्रावरचा ठिपका पुसण्यात कसला आला आहे इतिहास, असेही कोणी विचारील. परंतु जो ठिपका पुसावयाचा तो कॅमेऱ्याचा आहे की आकाशाचा, हा प्रश्न गेली सव्वाशे वर्षे आपल्या देशातील खगोलशास्त्रज्ञांना छळत आला आहे. आणि त्याची उत्तरे शोधण्याचे पुष्कळसे काम, योगायोगाने म्हणा, ज्या शहरात ती गच्ची आहे त्याच शहराच्या आसपास झालेले आहे.

प्रथम हा ठिपका उमटतो कसा ते पाहू. आजच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकनची एक चकती असते आणि तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म चौकटी आखलेल्या असतात. एकेक चौकट म्हणजे एकेक पिक्सेल. पागोळ्यांखाली मांडून ठेवलेल्या वाट्यांसारख्या त्या समजा. प्रकाशाचा कण सिलिकनवर पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो व त्या वाटीत जमा होतो. झडप मिटल्यावर कोणत्या वाटीत किती इलेक्ट्रॉन साठले याची मोजदाद होते, आणि त्या आकड्यांचे चित्र बनते. अडचण अशी, की इलेक्ट्रॉन सुटण्यास प्रकाशच लागतो असे नाही. नुसत्या उष्णतेच्या हालचालीनेही तो सुटतो. मोजणाऱ्यास हा इलेक्ट्रॉन उजेडाचा आणि हा उष्णतेचा, असा भेद करता येत नाही. सर्वच वाट्यांत असे उपरे इलेक्ट्रॉन थोडेथोडे झिरपत असतात. परंतु ज्या ठिकाणी स्फटिकाच्या रचनेत एखादा दोष असतो, परक्या धातूचा एखादा अणू अडकलेला असतो किंवा एखादा अणू जागचा हललेला असतो, तेथे ही झिरप शेजाऱ्यांच्या कितीतरी पट होते. तोच आपला 'तापलेला' पिक्सेल. दिवसाउजेडी सेकंदाच्या शंभराव्या भागात चित्र उरकते तेव्हा त्याला आपला दोष दाखविण्यास अवधीच मिळत नाही. रात्री झडप तीस सेकंद उघडी राहिली, की तो भरून वाहू लागतो.

आणि ते रंग? सिलिकनला रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर रंगीत गाळणीचे एक झाकण बसविलेले असते. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांची. तिचे पेटंट त्यांना १९७६ साली मिळाले. दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक तांबडा व एक निळा. हिरव्या गाळणीखालचा पिक्सेल बिघडला की चित्रात हिरवा तारा उगवतो. माझ्या भाच्याच्या आकाशात हिरव्या ताऱ्यांची बहुसंख्या का होती, हे आता आपल्या ध्यानात आले असेल.

आता थोडे मागे जाऊ. सिलिकनच्या आधी काच होती. काचेवर चांदीच्या क्षारांचा लेप देऊन तिच्यावर चित्र घेत. त्या लेपातही हवेचा बुडबुडा, धुळीचा कण, बोटाचा ठसा असे नाना दोष असत. फोटो स्टुडिओतील कारागीर त्यांवर सहज मात करीत असे. बारीक कुंचला आणि अणकुचीदार पेन्सिल घेऊन तो काचेवरची छिद्रे बुजवी, आणि जाता जाता यजमानांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रणही नाहीसे करी. त्या रिटचिंगबद्दल त्याला वेगळे पैसे मिळत. खगोलशास्त्रज्ञाला मात्र कुंचला वर्ज्य. त्याच्या काचेवरील प्रत्येक ठिपका, तो आकाशातून आलेला नाही असे सिद्ध होईपर्यंत, आकाशाचाच धरावा लागतो. आणि उलटही तितकेच खरे.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध येतो तो येथे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे जे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाले तेथे, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ च्या सुमारास एक वेधशाळा उभी केली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी आणि मुंबई सरकारचे साहाय्य यांतून वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण आली. कित्येक दशके ती हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून गेली. नायगमवाला आपली उपकरणे घेऊन तेथे गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथेच उतरले होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांत जे काचेवर उमटले ते उमटले. पुन्हा घेऊ म्हणण्याची सोय नाही. अशा काचेवर एक संशयास्पद डाग पडला तर? दुसऱ्या कॅमेऱ्याच्या काचेवर तो आहे का ते पाहावयाचे, एवढाच उपाय. एका साक्षीवर निकाल देऊ नये, हा न्यायालयातला नियम वेधशाळेतही तितकाच कडक आहे.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे दक्षिणेत कोडाईकनाल येथे गेली. पुणेकरांना याची फारशी खंत वाटली असे दिसत नाही. मला मात्र ती वाटते. असो. कोडाईकनाल येथे १९०४ पासून रोज सूर्याची छायाचित्रे घेण्याचा क्रम सुरू होता, आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. त्या काचांचे आता बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने संगणकीय चित्रांत रूपांतर केले आहे. ते करताना शंभर वर्षांचे ओरखडे आणि बुरशीचे डाग यांचाही वारसा हाती आला. आणि सूर्यावरचे डाग कोणते व काचेवरचे कोणते, हा जुनाच प्रश्न नव्या पिढीपुढे येऊन उभा राहिला.

कोडाईकनालहून ही विद्या बंगळूरला आणली ती वेणू बापू यांनी. त्यांचे पूर्ण नाव मनाली कल्लाट वेणू बापू. जन्म १९२७ चा. २ जुलै १९४९ रोजी, हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना, एक काच तपासताना त्यांना तिच्यावर एक अपरिचित अंधूक ठिपका दिसला. काचेचा दोष म्हणून तो सोडून देणे अगदी सोपे होते. बापूंनी तो सोडला नाही. प्राध्यापक बोक आणि सहाध्यायी न्यूकर्क यांच्या साहाय्याने त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि तो धूमकेतू निघाला; आज तो तिघांच्याही नावांनी ओळखला जातो. १९६० साली बापू कोडाईकनालचे संचालक झाले. डोंगरावरील ढगांना कंटाळून त्यांनी तमिळनाडूतील जवाडी टेकड्यांच्या चंदनी जंगलात कवलूर हे गाव निवडले. बंगळूरहून ते सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. १९७१ मध्ये भारतीय ताराभौतिकी संस्था स्वायत्त झाली आणि पुढे तिचे मुख्य ठाणे बंगळूरच्या कोरमंगला भागात आले.

कवलूरची एक रात्र मला येथे सविस्तर सांगावयाची आहे. १० मार्च १९७७. युरेनस हा ग्रह त्या रात्री एका ताऱ्याच्या अगदी जवळून जाणार होता. एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी त्या ताऱ्याच्या प्रकाशाची नोंद घेत होते. हे छायाचित्र नव्हते. प्रकाशाची तीव्रता विद्युतप्रवाहात बदलणारी एक नलिका होती, आणि कागदावर रेघ ओढणारी एक लेखणी. त्या नलिकेलाही आपल्या पिक्सेलाचाच रोग असतो. अंधारातही तिच्यातून थोडा प्रवाह वाहतच असतो. तो आधी मोजून घ्यावा लागतो. ग्रह ताऱ्यापाशी येण्यास अवकाश असताना लेखणी अचानक खाली गेली, काही सेकंद खाली राहिली आणि पुन्हा पूर्ववत वर आली.

अशा वेळी वेध घेणाऱ्याचा पहिला संशय ढगावर जातो आणि दुसरा आपल्या यंत्रावर. कवलूरच्या मंडळींनी ती खोच पुसली नाही. युरेनसचा एखादा अज्ञात उपग्रह ताऱ्याआड आला असावा असा तिचा अर्थ लावून त्यांनी ती 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. अर्थ चुकला होता. हिंदी महासागरावर विमानातून तोच तारा पाहणाऱ्या अमेरिकन चमूला अशा अनेक खोचा ग्रहाच्या दोन्ही बाजूंस सापडल्या आणि युरेनसला कडी आहेत हे निष्पन्न झाले. परंतु कवलूरची रेघ जशीच्या तशी शाबूत असल्याने भट्टाचार्य व बापू यांना तिचा पुन्हा कसोशीने अभ्यास करता आला, आणि त्याच वर्षी त्यांनी त्या कड्यांवर दुसरा निबंध लिहिला. नोंद खरी राहिली तर अर्थ मागाहून दुरुस्त होतो. नोंदीवरच रंधा फिरविला असता तर दुरुस्त करण्यास काही उरलेच नसते.

सिलिकनच्या चकतीचा जन्म याच सुमाराचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी 'सीसीडी' या नावाने प्रसिद्ध झालेली रचना कल्पिली. त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते चाळीस वर्षांनी, २००९ मध्ये. १९७५ साली स्टीव्हन सॅसन यांनी कोडॅकमध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याच्या चकतीवर शंभर गुणिले शंभर, म्हणजे अवघे दहा हजार पिक्सेल होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरविण्यास तेवीस सेकंद लागत. खगोलशास्त्रज्ञ या चकतीवर तुटून पडले याचे कारण साधे आहे. काचेवर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम एखाद-दुसरा कामी येई. सीसीडी शंभरांतील ऐंशी-नव्वद पकडते. बापूंचे १९८२ मध्ये अकाली निधन झाले. त्यांच्या स्वप्नातील २३४ सेंटिमीटरची, भारतातच घडविलेली दुर्बीण कवलूरला उभी राहिली आणि ६ जानेवारी १९८६ रोजी तिला त्यांचे नाव देण्यात आले. तिचा आरसा बंगळूरच्या संस्थेतच घासून तयार झाला होता. त्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे काच मागे पडू लागली आणि सीसीडी आली.

सीसीडी आली आणि तिच्याबरोबर तापलेले पिक्सेलही आले.

त्यांवरचा पहिला उपाय थंडी. उष्णतेने सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा ओघ दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो. उलट, तापमान उतरवीत नेले तर तो तितक्याच झपाट्याने आटतो. म्हणून चकती एका निर्वात डब्यात ठेवतात आणि डब्याला उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन पाजतात. चकती उणे शंभर अंशांच्या आसपास आली की तिची झिरप लाखोपटींनी कमी होते. मग रात्ररात्र झडप उघडी ठेवली तरी चालते. अवकाशात मात्र एक गंमत आहे. तेथील प्रारणांच्या माऱ्याने चकतीतील अणू जागचे हलतात आणि रोज नवे पिक्सेल बिघडतात. हबल दुर्बिणीतील चकत्या यासाठी महिन्यातून एकदा मुद्दाम ऊब देऊन 'शेकतात'. शेकल्याने विस्कटलेली स्फटिकरचना बरीचशी पूर्ववत होते आणि बिघडलेल्यांपैकी पुष्कळसे पिक्सेल पुन्हा शहाणे होतात. उष्णतेच्या दुखण्यावर उष्णतेचाच उतारा!

आपल्या गच्चीवर द्रवरूप नायट्रोजन कोठून आणावयाचा? तेथे दुसरा उपाय, आणि तो माझ्या मते अधिक सुंदर आहे. वाणी बरणीत तूप घालण्यापूर्वी रिकाम्या बरणीचा धडा करून घेतो. तसा येथे अंधाराचा धडा करावयाचा. ज्या तापमानात आणि जितके सेकंद आकाशाचे चित्र घेतले, त्याच तापमानात आणि तितकेच सेकंद टोपी लावून अंधाराचे चित्र घ्यावयाचे, आणि पहिल्यातून दुसरे पिक्सेलागणिक वजा करावयाचे. तापलेल्या पिक्सेलाने दोन्ही चित्रांत जवळपास सारखीच लबाडी केलेली असते. ती वजाबाकीत जाते. कित्येक कॅमेऱ्यांत ही सोय असतेच. रात्री तीस सेकंदांचे चित्र घेतल्यावर कॅमेरा आणखी तीस सेकंद गप्प बसतो आणि आपण तो बिघडला म्हणून चरफडतो, तेव्हा तो बिचारा झडप मिटून अंधाराचे चित्र घेत असतो.

एक सावधगिरी मात्र पाळावी लागते. अंधाराचे एकच चित्र वजा केले तर त्याच्यातील यदृच्छेची खळबळ आपल्या चित्रात शिरते. म्हणून जाणकार अशी पुष्कळ चित्रे घेतात आणि त्यांचा मध्यक काढतात. समजा, एका पिक्सेलाचे सात चित्रांतील आकडे १२, ११, १३, १२, ९०, ११ आणि १२ असे आले. सरासरी काढाल तर २३ येईल, आणि तो आकडा सातांपैकी कोणाच्याही जवळपासचा नाही. पण आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला उचला: १२. नव्वदचा आरडाओरडा मध्यकाला ऐकूच येत नाही. आणखी एक गोष्ट. हे सारे रंग मिसळण्यापूर्वी, कॅमेऱ्याच्या कच्च्या आकड्यांवर करावे. एकदा रंगांची सरमिसळ होऊन तयार चित्र बनले की एका पिक्सेलाचा दोष शेजारच्या पिक्सेलांत पाझरतो आणि ठिपक्याची फुली होते. ती काढणे फार कठीण.

तिसरा उपाय तर इतका सोपा आहे की चष्मा वापरणाऱ्या कोणालाही तो पटेल. भिंतीवर डाग दिसला आणि तो भिंतीवरचा की चष्म्यावरचा असा संशय आला तर आपण काय करतो? मान हलवितो. डाग मानेबरोबर हलला तर चष्मा पुसावा. खगोलशास्त्रज्ञ दोन चित्रांच्या मध्ये दुर्बीण केसभर सरकवितात. तारे चकतीवर जागा बदलतात. तापलेला पिक्सेल आपली जागा सोडत नाही. मग ताऱ्यांवर तारे जुळवून चित्रे एकमेकांवर रचली, की जागा न सोडणारा उघडा पडतो.

पण ताऱ्यांच्या संदर्भात जागा बदलणारे सर्वच ठिपके काही लबाड नसतात. १७ फेब्रुवारी १९८८ रोजी कवलूरच्या श्मिट दुर्बिणीच्या काचांवर आर. राजमोहन यांना ताऱ्यांमधून सरकणारा एक ठिपका सापडला. तो लघुग्रह होता. त्याला गणिती रामानुजन यांचे नाव मिळाले, क्रमांक ४१३०. तारा स्थिर राहतो, लघुग्रह हळूहळू सरकतो, आणि काचेचा दोष एकदा दिसून पुन्हा कधीच दिसत नाही. तिघांची ओळख पटविण्यास एक काच पुरत नाही.

एकदा दिसून पुन्हा न दिसणाऱ्यांत सीसीडीच्या काळात एका नव्या पाहुण्याची भर पडली. अंतराळातून येणारे विश्वकिरण चकतीतून आरपार जातात आणि इलेक्ट्रॉनांचा एक झळझळीत ठिपका किंवा ओरखडा मागे ठेवतात. तो तापलेला पिक्सेल नव्हे, कारण पुढच्या चित्रात त्या जागी काहीच नसते. खगोलशास्त्रज्ञ त्याला कचरा समजून काढून टाकतो. आणि तरी याच बंगळुरात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, भारतीय विज्ञान संस्थेत होमी भाभा यांनी या किरणांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र विभाग काढला होता. त्यांचा माग काढण्यासाठी येथून फुग्यांना मोजयंत्रे बांधून आकाशात सोडली जात. तरुण विक्रम साराभाईंनी सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली आपला पहिला शोधनिबंध लिहिला तो १९४२ साली, याच किरणांवर. एकाच्या अंगणातला केर दुसऱ्याच्या घरात देव्हाऱ्यात बसतो, तो असा.

आज बंगळूरहून वेध घेणारा मनुष्य दुर्बिणीपाशी नसतोच. लडाखमध्ये हानले येथे साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. तिने पहिले आकाश पाहिले सप्टेंबर २००० मध्ये; आणि २००१ पासून ती चालविली जाते ती बंगळूरजवळच्या होसकोटे येथील केंद्रातून, उपग्रहाच्या द्वारे. हानलेला हाडे गोठविणारी थंडी, होसकोट्याला खोलीत बसलेले संशोधक. रात्रीच्या आरंभी ते जी चित्रे मागवितात त्यांत आकाश नसतेच. झडप न उघडता, शून्य सेकंदांची चित्रे आधी घेतात. यंत्र काहीही पाहत नसताना कोणता आकडा सांगते ते कळावे म्हणून. तो पाया ठरला की मग तारे.

आता थोडे कटू. हे सारे शिस्तीचे काम कॅमेऱ्यांचे कारखानदार आपल्यासाठी परस्पर करू लागले आहेत. खिशातील फोनच्या कॅमेऱ्यात बिघडलेल्या पिक्सेलांची यादी कारखान्यातच भरलेली असते आणि त्यांच्या जागी शेजाऱ्यांचे आकडे गुपचूप भरले जातात. त्यात गैर काही नाही. पण कित्येकदा यंत्र यादीवर न थांबता स्वतः न्यायाधीश होते. जो पिक्सेल शेजाऱ्यांहून फार उजळ तो दोषी, असा सरसकट नियम लावते आणि त्याला शेजाऱ्यांच्या पातळीवर आणून बसविते. २०१६-१७ च्या सुमारास एका प्रसिद्ध कंपनीच्या कॅमेऱ्यांविरुद्ध खगोलछायाचित्रकारांनी ओरड केली ती याच कारणाने. काही सेकंदांहून अधिक काळ झडप उघडी ठेवली की ते कॅमेरे अंधूक तारे गिळून टाकीत. लोकांनी त्यांना 'तारेखाऊ' असे नाव ठेवले. एका पिक्सेलात मावणारा खरा तारा आणि एका पिक्सेलाचा दोष यांत नुसत्या चेहऱ्यावरून भेद करता येत नाही. त्यासाठी अंधाराची साक्ष काढावी लागते, आणि ती काढण्याची सवड त्या यंत्राने ठेवली नव्हती.

अंधार नीट ओळखल्याने काय साधते याचा एक दाखला देतो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताचा 'ॲस्ट्रोसॅट' हा उपग्रह आकाशात गेला. त्यावरील अतिनील दुर्बीण बंगळूरच्या ताराभौतिकी संस्थेने, पुण्याच्या आयुका आणि इतर संस्थांच्या सहकार्याने बनविली; तिची जुळणी होसकोट्यालाच झाली. जोडीने बसविलेल्या तिच्या दोन नळ्यांतील आरसे अवघे अडतीस सेंटिमीटरचे. हबलचा आरसा दोन मीटर चाळीस सेंटिमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुकाचे कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाशाच्या एका अशा कोपऱ्याकडे ही दुर्बीण अठ्ठावीस तासांहून अधिक काळ रोखली, जो कोपरा हबलने आधीच कसून पाहिलेला होता. तेथे ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेचा तीव्र अतिनील प्रकाश त्यांना आढळला. हबलला तो दिसला नव्हता. याचे जे कारण साहा यांनी दिले ते लक्षात घेण्याजोगे आहे: आमच्या दुर्बिणीच्या शोधकातील पार्श्वभूमीची खळबळ हबलपेक्षा पुष्कळ कमी होती. आरसा लहान होता, पण अंधार अधिक काळा होता. आणि तरीही तो प्रकाश त्या दीर्घिकेचाच आहे, यंत्राचा अथवा दुसऱ्या कोणा शेजाऱ्याचा नव्हे, याची खातरजमा करण्यात जवळजवळ दोन वर्षे गेली. निबंध प्रसिद्ध झाला तो ऑगस्ट २०२० मध्ये.

त्या रात्री गच्चीवर माझ्या भाच्याने आधी रागाच्या भरात संगणक उघडला आणि सारे रंगीत ठिपके एकेक करून हाताने पुसून टाकले. अर्धा तास गेला. आकाश स्वच्छ झाले. मग माझ्या आग्रहास्तव त्याने टोपी लावून सोळा चित्रे घेतली, त्यांचा मध्यक काढला आणि मूळच्या, न पुसलेल्या चित्रातून तो वजा केला. दोन्ही आकाशे त्याने पडद्यावर शेजारी शेजारी मांडली. दुसऱ्यात तीन ठिपके अधिक होते. त्यांतला एक किंचित तांबूस होता; त्याच्या रंगामुळेच तो हातून पुसला गेला असावा. भाच्याने तारकानकाशा काढला आणि बोट ठेवून जागा पडताळू लागला. तिघेही नकाशात होते. खाली बहीण दूध गरम करून केव्हाची हाका मारीत होती.